हुक्केरीची फाइल

आमच्या लॅबच्या दारावर एक पाटी आहे. 'न वाचता हो म्हणू नये.' पाटी मी स्वतः राजारामपुरीतल्या पेंटरकडून रंगवून घेतली. प्राचार्यांना ती उद्धट वाटली होती. मी म्हटलं, असू दे उद्धट, राहील लक्षात.

दरवर्षी एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला मी एका मुलाचा लॅपटॉप मागून घेतो, त्यावर कुठलंतरी विकतचं सॉफ्टवेअर चढवायला लागतो आणि तो 'मला मान्य आहे' असं बटण असलेला भलामोठा करार पडद्यावर आला की वर्गाला विचारतो, यातलं कुणी एक ओळ तरी वाचलीय का. कुणी वाचलेली नसते. मग माझी गाडी सुटते. तुमच्या मशीनवर काय चाललंय हे तुम्हालाच माहीत नाही, दुसऱ्यानं ठरवायचं आणि तुम्ही मान डोलवायची, लाज वाटत नाही का, वगैरे. अकरा वर्षांपूर्वी या लॅबमधल्या चाळीसच्या चाळीस मशीनवर चोरीची विंडोज होती. एक सीडी, तिच्यावर मार्करनं लिहिलेला नंबर, आणि तोच नंबर चाळीस ठिकाणी. आम्ही विद्यापीठाच्या मुलांना संगणकशास्त्र शिकवत होतो आणि सुरुवातच चोरीच्या मालानं करत होतो. मी भांडून भांडून सगळीकडे लिनक्स आणलं. फुकट मिळतं म्हणून आणलं, असं लोक समजतात. फुकटाचं मला काही नाही. आतलं सगळं उघडं असतं, वाचता येतं, म्हणून आणलं.

त्यातही माझी एक लाडकी गोष्ट होती. विंडोजला काही पुसायला सांगा, ते दहादा विचारतं, नक्की ना, खरंच ना. आणि पुसलेलं पुन्हा कचऱ्याच्या डब्यात जपून ठेवतं. लिनक्सच्या पडद्यावर पुसायची कमांड दिली की विषय संपला. मी छाती फुगवून सांगायचो की हा तुम्हाला शहाणं समजतो, तुम्ही विचार करूनच बोलला असणार असं धरून चालतो, म्हणून विचारत बसत नाही. मुलं हसायची. हे वाक्य मी अकरा वर्षं म्हणत आलो. एप्रिलच्या त्या सोमवारनंतर म्हटलेलं नाही.

दानेश्वरी हुक्केरी ही माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. इचलकरंजीची. तिचे वडील प्रभुलिंग हुक्केरी यांचा आठ साध्या मागांचा छोटा कारखाना होता, घराला लागूनच. प्रभुलिंगअप्पा जेवायला बसलेले असले तरी भिंतीपलीकडचा खडखडाट ऐकून सांगायचे, चौथ्या मागाचा धागा तुटला. आणि तुटलेलाच असायचा. हे संगणकाला शिकवता येईल का, एवढाच दानेश्वरीचा प्रकल्प. तिनं ऑगस्टपासून मार्चपर्यंत, आठ महिने, रोज पाळीच्या वेळी मागांचे आवाज टिपले. दर वेळी धागा तुटला की तिथं वडील बोट वर करायचे आणि ही वेळ लिहून ठेवायची. दर शनिवारी ती लाल बसनं कोल्हापूरला येऊन ते सगळं आमच्या सर्व्हरवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये भरायची आणि रेकॉर्डरचं कार्ड मोकळं करून परत न्यायची. आणि गुढीपाडव्याला अप्पांनी माग मोडीत काढले. आठही माग ट्रकमध्ये घालून गेले. म्हणजे तो आवाज आता जगात फक्त त्या फाइलमध्ये होता. शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार होते.

सोमवारी सकाळी सव्वाअकराला ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली की लॉगिन होत नाही. मी मान वरसुद्धा न करता म्हटलं, कॅप्स लॉक बघ. ती म्हणाली, बघितलं. मी म्हटलं, पासवर्ड विसरली असशील, लग्न झाल्यावर माणसं बरंच काही विसरतात. फेब्रुवारीत तिचं गावातल्या गावातच लग्न झालं होतं, आम्ही चौघं-पाचजण जाऊन पंगतीत जेवून आलो होतो. माझ्या विनोदावर ती हसली नाही. मग मी माझ्या मुख्य पासवर्डनं सर्व्हर उघडला आणि तिचं फोल्डर शोधायला लागलो.

फोल्डर नव्हतं.

मला आधी वाटलं, मी चुकीच्या जागी बघतोय. पुन्हा बघितलं. तिच्या वर्गातल्या एकवीस जणांची फोल्डरं ओळीनं होती, तिचं नव्हतं. तरी मी तिला म्हटलं, घाबरू नको, बॅकअप आहे. सर्व्हरशेजारी एक वेगळी डिस्क ठेवलीय, तिच्यावर दर सोमवारी पहाटे सगळं उतरतं. ती उघडली. तिथंही एकवीसच.

पहिला राग आला तो चोराचा. कुणीतरी मुद्दाम केलं, कुणाला तरी पासवर्ड कळला, एकेकाला बघून घेतो, असं मी मोठ्यानं बोललोसुद्धा. आणि बोलता बोलता सर्व्हरची नोंदवही उघडली. लिनक्स सगळं लिहून ठेवतं, कुणी काय केलं, किती वाजता केलं. सकाळी सहाची ओळ होती. दानेश्वरी हुक्केरीचं खातं बंद, फोल्डर काढलं. करणाऱ्याचं नाव माझं होतं.

मी सकाळी सहाला घरी झोपलेलो होतो. पण माझी स्क्रिप्ट जागी होती. स्क्रिप्ट म्हणजे आपण एकदा लिहून ठेवायचं आणि यंत्रानं ठरल्या वेळी आपल्या नावानं करत राहायचं असं काम. ही मी चार वर्षांपूर्वी लिहिली होती आणि तिचा मला कोण अभिमान. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती ऑफिसकडून आलेली विद्यार्थ्यांची यादी उघडायची आणि सर्व्हरवरचं एकेक खातं तिच्याशी ताडून बघायची. यादीत नाव नसेल तर तो मुलगा पास होऊन गेला किंवा सोडून गेला, तेव्हा त्याचं खातं बंद आणि फोल्डर साफ. मग लगेच बॅकअप. आणि बॅकअप असा चोख, की सर्व्हरवर जे नाही ते डिस्कवरूनही पुसायचं, उगीच जागा अडायला नको. कुठंही विचारायची सोय ठेवली नव्हती. कशाला ठेवू? विचारणाऱ्या यंत्रांची मीच चेष्टा करायचो.

मी ऑफिसची यादी उघडली. त्यात दानेश्वरी प्रभुलिंग हुक्केरी नव्हती. तिच्या जागी दानेश्वरी सोमशेखर पट्टणशेट्टी होती.

"हे कोण?" मी विचारलं. इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात काही विचारलं नसेल.

दानेश्वरी पडद्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती हळूच म्हणाली की सोमशेखर तिच्या नवऱ्याचं नाव, पण हे तिनं कुठं लिहून दिलेलं नाही. आधार कार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे ती हुक्केरीच आहे. मला पुढचं ऐकूच येईना. आठ महिने, आठ माग, एक म्हातारा माणूस ताटावरून बोट वर करतोय, आणि मी ते घरी घोरत असताना पुसून टाकलं. शुक्रवारी परीक्षकांना काय दाखवायचं यापेक्षा, प्रभुलिंगअप्पांना काय सांगायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

आमचे लॅबचे शिपाई आकाराममामा दारातून हे बघत होते. मामांनी विंडोजचा काळ बघितलेला. त्यांच्याकडे सगळ्या रोगावर एकच औषध, बंद करून चालू करणे, आणि खरं सांगायचं तर ते औषध दहातल्या आठ वेळा लागू पडतं. माझी अवस्था बघून त्यांना दया आली असणार. ते सरळ सर्व्हरच्या कपाटाशी गेले, दार उघडलं आणि बटणाकडे हात नेत म्हणाले, "एकदा बंद करून बघू या सर, यील माघारी." मीही मान हलवली. काय सांगू, मीही मान हलवली. बुडत्याला सुचेल ते मला सुचत होतं.

दानेश्वरी धावली नाही, ओरडली नाही. तिनं नुसता हात मध्ये घातला आणि तळहातानं ते बटण झाकून धरलं.

"मामा, बंद करू नका. सर, माझा प्रोग्रॅम अजून चालू हाय. नाव गेलंय. फाइल न्हाय गेली."

ती भानावर होती आणि तिचा शिक्षक नव्हता. आणि ती जे सांगत होती ते मीच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, फळ्यावर आकृती काढून. लिनक्समध्ये फाइल आणि फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पुसायची कमांड पुसते ते नाव. त्या वेळी एखादा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर तो तिला सोडेपर्यंत आतला मजकूर डिस्कवर तसाच राहतो, बिननावाचा. प्रोग्रॅम संपला किंवा मशीन बंद झालं, की मग मात्र कायमचा गेला. परीक्षेत यावर चार मार्कांचा प्रश्न असतो. मी तो दरवर्षी काढतो आणि दरवर्षी अर्धा वर्ग सोडून देतो.

तिचा प्रोग्रॅम गेले नऊ दिवस त्या सर्व्हरवर चालू होता. आमचा सर्व्हर जुना. आठ महिन्यांचे आवाज चाळीस वेळा ऐकून शिकायला त्याला नऊ दिवस लागणार, असा तिनं हिशेब मांडलेला. मी चालू प्रोग्रॅमची यादी काढली. होता. खातं बंद झालं होतं, फोल्डर गेलं होतं, आणि तो बिचारा आपला माग ऐकत बसला होता. त्यानं धरलेल्या फाइलसमोर यंत्रानं एकच शब्द लिहिला होता, पुसलेली.

"संपणार कधी?" मी विचारलं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजायला पाच कमी होते. तिच्या हिशेबानं प्रोग्रॅम साडेबाराच्या आसपास संपणार होता, पण पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे. आणि एवढी फाइल दुसरीकडे उतरवायला पाऊण तास तरी हवा. म्हणजे मधेच तो संपला तर हातात काय येईल, याचा नेम नव्हता. त्याला मारायचं नव्हतं, नुसतं आहे तिथं थोपवायचं होतं. त्यालाही कमांड आहे. पण थोपवायची आणि मारायची कमांड एकच, फक्त मध्ये एक शब्द घालावा लागतो. तो शब्द राहिला की प्रोग्रॅम मेला.

मी टाइप करायला लागलो. एक अक्षर चुकलं, पुसलं, पुन्हा चुकलं. वीस वर्षं हेच करतोय मी, आणि मला ती एक ओळ जमेना. या लॅबचा एक नियम आहे, मुख्य पासवर्डच्या खुर्चीत विद्यार्थी बसणार नाही. मीच केलेला. मी उठलो आणि खुर्ची तिच्यापुढं सरकवली.

ती बसली. ओळ टाइप केली, एंटरवर बोट ठेवण्याआधी सगळी ओळ डावीकडून उजवीकडे ओठ हलवत वाचली, मग बोट दाबलं. यादीत प्रोग्रॅमसमोर 'थांबलेला' आलं. मेला नव्हता. मग तिनं यंत्राच्या पोटातून त्या बिननावाच्या फाइलचा पत्ता काढला आणि ती दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतली. आकाराममामा सर्व्हरच्या कपाटाला पाठ लावून उभे राहिले, जणू कुणी येऊन वायरच उपटणार होतं. चहावाला पोरगा आला तर त्यालाही त्यांनी दारातून हाकललं.

त्रेपन्न मिनिटं लागली. उतरल्यावर तिनं हेडफोन लावला, फाइल मधेच कुठंतरी उघडून ऐकली आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला. खडखड, खडखड, आठ माग, आणि मधेच लांबून एका माणसाचा आवाज, "चौथा." मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चक्क आलं.

मग तिनं तिचं फोल्डर जुन्याच नावानं पुन्हा तयार केलं, थोपवलेला प्रोग्रॅम पुढं चालू केला, आणि तो जिथं थांबला होता तिथून काहीच झालं नसल्यासारखा चालायला लागला.

भीती गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक ऑफिसात गेलो. अनुजा मॅडम तिथं विद्यार्थी विभाग बघतात, शांत बाई आहेत. मी दारातूनच सुरू केलं. कुणाच्या परवानगीनं हे नाव बदललं, पोरीला विचारलं का, तुम्हाला कळतं का आज काय होणार होतं. दोन खिडक्यांवरची मुलं वळून बघायला लागली. मॅडमनी माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढं ठेवली.

वर टाचणीनं लावलेली दानेश्वरीच्या लग्नाची पत्रिका होती. तिनंच फेब्रुवारीत सगळ्या स्टाफला वाटलेली. मॅडम म्हणाल्या, परीक्षेचे फॉर्म जायच्या आधी लग्न झालेल्या मुलींची नावं दुरुस्त करून टाकायची आमची पद्धत आहे, नंतर मुलींना हेलपाटे नकोत म्हणून. पत्रिकेवरून नाव घेतो. आणि वर्गशिक्षकांची सही घेतो.

पत्रिकेखाली छापील अर्ज होता. विद्यार्थिनीच्या सहीची जागा कोरी. त्याच्याखाली एक ओळ. 'सदर विद्यार्थिनीस समक्ष विचारून नावातील बदलाबाबत खात्री केली आहे.' त्या ओळीखाली वर्गशिक्षकाची सही. तारीख अकरा मार्च. सही माझी.

मला तो दिवस आठवला. मॅडमनी पन्नास-साठ कागदांचा गठ्ठा आणला होता, माझ्या एका हातात चहा होता, आणि मी वरचं काही न बघता दुसऱ्या हातानं सह्या ओढत गेलो होतो. वर दारावर माझीच पाटी होती. तिच्याखालून गठ्ठा आत आला आणि तिच्याखालून बाहेर गेला. मी मॅडमची माफी मागितली की नाही, तेही आता आठवत नाही. मागितली असावी. कागद घेऊन बाहेर पडलो.

लॅबपर्यंत दोन जिने आहेत. दोन्ही जिन्यांवर माझ्या मनात एकच येत होतं. ऑफिसची चूक झाली, एवढं म्हटलं तर खोटंही होत नाही. दानेश्वरी कधी तो कागद मागायला जाणार नाही. मी तिचा सर राहीन, पाटी दारावर राहील. खरंच सांगतो, दुसऱ्या जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत माझं तेच ठरलं होतं.

ती पडद्यासमोर बसली होती. प्रोग्रॅम संपला होता. शंभर वेळा धागा तुटला तर तो एक्क्याण्णव वेळा ओळखत होता. ती म्हणाली, अप्पा शंभरातलं एकपण सोडत नव्हते. तिच्या आवाजात आनंद होता. त्या आनंदासमोर मला ते ऑफिसच्या चुकीचं वाक्य उच्चारता येईना. मी कागद तिच्यापुढं ठेवला.

तिनं तो वाचला. मी शिकवल्यासारखा वाचला, वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ, बारीक अक्षरंसुद्धा. मग बोट माझ्या सहीवर ठेवलं.

"ही तुमची सही हाय, सर?"

"हो."

"मग मला कधी इचारलं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही, तिला धक्का बसला होता, सकाळी फोल्डर नव्हतं तेव्हा बसला त्याहून मोठा. तेव्हा तिचा रंग उडाला होता पण डोकं चालत होतं. आता ती नुसती बसून होती. मग ती बोलली, माझ्याकडे न बघता.

"लग्नात भांड्यांवर नाव घालायला माणूस आलता. सासूबाई चौथी शिकल्यात. त्यांनी मला हाक मारून इचारलं, कंचं नाव घालू गं पोरी. मी म्हटलं, हुक्केरी. त्यांनी सगळ्या भांड्यांवर हुक्केरीच घालून घेतलं."

आकाराममामा कपाटापाशी उभे होते, ते खाली बघायला लागले. मी त्या वाक्यातून अजून सावरलेलो नाही.

दुपारी ती स्वतःच ऑफिसात जाऊन नाव पूर्ववत करायचा अर्ज घेऊन आली. तोच छापील अर्ज, तीच ओळ. तिनं आधी स्वतःची सही केली, दानेश्वरी प्रभुलिंग हुक्केरी, पूर्ण, सावकाश. मग कागद माझ्याकडे फिरवला. मी पेन उचललं तशी तिनं कागदावरचा हात काढला नाही, एक बोट त्या ओळीखाली धरून ठेवलं.

"वाचून सही करा, सर."

मी वाचलं. मग मान वर करून तिला विचारलं, हे नाव तुला हवं आहे ना. ती हो म्हणाली. तेव्हा तिनं बोट काढलं, आणि मी सही केली.